लिंबूटिंबू नव्हे, भिडू

कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले की शरीराचे निम्मे वजन पाणी उचलते. गळ्यापर्यंत उभे राहिले तर पायांवर येतो तो वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा. पोलिओने बारीक झालेला पाय, सेरेब्रल पाल्सीमुळे ताठरलेले स्नायू, मणक्याच्या इजेनंतर लुळी पडलेली कंबर, यांपैकी काहीही असो, जमिनीवर पाऊलभर जायला ज्या मुलाला काठी, भिंत किंवा आईचा हात लागतो, ते मूल पाण्यात स्वतःच्या बळावर पुढे सरकू शकते. हे बेळगावकरांनी पुस्तकात वाचण्याआधी आपल्या शहरातल्या तलावात पाहिले आहे. केएलईच्या सुवर्ण जेएनएमसी जलतरण तलावावर प्रशिक्षक उमेश कलघटगी यांनी अनेक दिव्यांग मुलांना पोहायला शिकवले. श्रीधर माळगी, राघवेंद्र अणवेकर हे पॅरा जलतरणपटू बेळगावचेच.

यांतले सर्वांत विलक्षण उदाहरण मोईन जुन्नेदीचे. हाडांना बळकटी देणाऱ्या कोलाजेन या प्रथिनात जन्मजात दोष असला की हाडे इतकी ठिसूळ होतात की उचलून घेताना किंवा नुसती कूस बदलतानाही मोडतात. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हे या आजाराचे नाव. मोईनला तो जन्मापासून आहे. असे मूल घरात असले की आईबापांचा जीव सतत टांगणीला लागलेला असतो. त्याला गर्दीत नेऊ नये, कुणाच्या हाती देऊ नये, पाण्यात तर सोडूच नये, असेच कुणीही सांगेल. पण पाण्यात अंगावर भार येत नाही आणि पडण्याची धास्ती नसते. कलघटगी यांच्या हाताखाली मोईन पोहायला शिकला आणि पुढे राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पदके घेऊन आला.

वर्तमानपत्रात बातमी आली ती पदकांची. त्या आधी कितीतरी संध्याकाळी एक मूल घराबाहेर पडले, कपडे बदलून पाण्यात उतरले, दमले आणि सणसणीत भूक घेऊन घरी परतले. अपंग मुलांच्या खेळाविषयी बोलताना ही संध्याकाळ नजरेआड होते. पदक मिळवणारी मुले थोडीच असणार, ती संध्याकाळ मात्र प्रत्येक मुलाला हवी असते.

गल्लीतल्या खेळात एक जुनी चाल आहे. लहान भावंड मागे लागले की मोठी मुले त्याला लिंबूटिंबू म्हणून खेळायला घेतात. त्याला बाद करायचे नाही, त्याच्यावर राज्य आणायचे नाही. अपंग मुलाच्या वाट्याला फार तर एवढेच येते, आणि शाळेत पुष्कळदा तेही येत नाही. पीटीच्या तासाला वर्ग मैदानावर पळतो आणि हा मुलगा किंवा ही मुलगी दप्तरे राखत बसते. स्नेहसंमेलनात, सहलीला, क्रीडा महोत्सवाला तेच. कुणाच्या मनात वाईट नसते. ‘पडेल, लागेल, आपल्यावर यायचे’ एवढीच भीती असते. मुलगी असेल तर त्यात स्वच्छतागृहाची अडचण आणि ‘कशाला उगाच’ हा घरातला सूर यांची भर पडते.

या बसून राहण्याची किंमत शरीर चुकवते. हालचाल नसली की स्नायू आखडतात, सांधे धरतात, हाडांतला चुना कमी होतो, वजन वाढते. मग जे मूल काठी घेऊन चालले असते, ते चाकाच्या खुर्चीवर येते, आणि जे खुर्चीवरून पलंगावर स्वतः सरकले असते, त्याला उचलावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयीच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. त्यांत अपंग मुलांचा आणि प्रौढांचा पहिल्यांदाच स्वतंत्र विचार झाला. ५ ते १७ वयाच्या अपंग मुलांनीही दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, असे ती संघटना सांगते. धडधाकट मुलांना सांगितलेला वेळही एवढाच आहे. फरक करायचा तो व्यायामाच्या पद्धतीत.

खेळातून अपंगांना उभे करण्याची आधुनिक वाट इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेले सैनिक तिथे उपचार घेत होते. डॉ. लुडविग गुटमन यांनी व्यायामाला स्पर्धेची जोड दिली आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीवरच्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. त्यातूनच १९६० साली रोममध्ये पहिली पॅरालिंपिक झाली.

या वाटेवर भारताचे पहिले सुवर्णपदक आले ते बेळगावापासून फार दूर नसलेल्या सांगली जिल्ह्यातल्या माणसाच्या गळ्यात. इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी.

पेटकरांनंतर महाराष्ट्रात पाण्याचा वारसा खंडला नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला सुयश जाधव लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावून बसला. २०१८ च्या जकार्तातल्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण आणले. कोल्हापूरच्या स्वप्नील पाटीलला पॅरा जलतरणासाठी २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपूरच्या कांचनमाला पांडे हिला दिसत नाही. २०१७ साली मेक्सिकोत झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत तिने २०० मीटर मिडलेचे सुवर्ण जिंकले.

अंध पोहणाऱ्याला भिंत जवळ आली हे कसे कळते? तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो. त्याच्या हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला मऊ गोळा. पोहणारा जवळ आला की तो डोक्यावर किंवा पाठीवर हलकेच टेकवायचा. त्या खुणेवर वळायचे किंवा हात पुढे टाकून शर्यत संपवायची. एस ११ या गटात सगळ्यांना काळा चष्मा घालावा लागतो, म्हणजे अंधुक उजेड दिसणाऱ्यालाही फायदा मिळत नाही. एस १ ते एस १० हे शारीरिक अपंगत्वाचे गट, एस ११ ते एस १३ दृष्टीचे आणि एस १४ बौद्धिक अक्षमतेचा. शारीरिक आणि दृष्टीच्या गटांत आकडा जितका लहान तितकी अडचण मोठी. गट पाडण्यामागे हेतू एकच, की जिंकणे-हरणे अपंगत्वाच्या प्रमाणावर न ठरता पोहण्याच्या कसबावर ठरावे.

अशी वाट काढायला महागडा तलावच लागतो असे नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या कितीतरी माणसांनी पोहणे शिकले ते विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधून. एका पायात बळ नसलेल्या मुलालाही तोच डबा तरंगवतो. फक्त विहिरीत उतरायच्या दगडी पायऱ्यांवर त्याला हात द्यायला दोघे हवेत, आणि पोहणारा मोठा माणूस सतत पाण्यात हवा.

खेळ बदलण्याचे तंत्र अवघड नाही. जगभरचे क्रीडाशिक्षक चार गोष्टी तपासतात: जागा, खेळाची रीत, साहित्य आणि सोबतची माणसे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या खेड्यापाड्यांत खेळला जाणारा व्हॉलीबॉल घ्या. पायांत बळ नसलेल्यांसाठी तोच बसून खेळतात. मैदान लहान, १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद. जाळीची उंची पुरुषांसाठी १ मीटर १५ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी १ मीटर ५ सेंटिमीटर. चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचे नाही. दोन खुंट्या, एक जाळी आणि सारवलेले अंगण एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. नेदरलँड्समध्ये १९५० च्या दशकात सुरू झालेला हा खेळ आज पॅरालिंपिकमध्ये आहे. त्याची आणखी एक खुबी अशी की दोन्ही पाय शाबूत असलेली मुलेही त्यात बसून खेळू शकतात, आणि तिथे त्यांना काही जास्तीचा फायदा मिळत नाही. सरावलेला अपंग मुलगा हातांवर सरकत त्यांना सहज मागे टाकतो.

क्रिकेटचे तर वेडच. बेळगावच्या लेले मैदानावर किंवा व्हॅक्सिन डेपोवर सुट्टीच्या सकाळी चार-चार डाव एकमेकांत मिसळलेले असतात. अंधांचे क्रिकेट ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये १९२२ साली सुरू झाले. दगड घातलेला पत्र्याचा डबा हा त्यांचा पहिला चेंडू. आज चेंडू कडक प्लास्टिकचा असतो, आत लोखंडी छर्रे असतात आणि तो खुळखुळत येतो. गोलंदाज विचारतो, ‘रेडी?’ फलंदाज म्हणतो, ‘येस.’ मग ‘प्ले’ म्हणत गोलंदाज हात खालून फिरवून चेंडू टाकतो. खेळपट्टीच्या मध्याआधी त्याचा एक टप्पा पडलाच पाहिजे, कारण टप्प्यावर आवाज होतो आणि त्या आवाजावर फलंदाज गुडघा टेकवून बॅट आडवी फिरवतो. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध हवेत. त्यांच्या धावा दुप्पट मोजतात, आणि एक टप्पा पडून त्यांनी झेल घेतला तरी फलंदाज बाद.

एवढ्या नियमांत मुलांची सोय आहे आणि चुरसही तितकीच आहे. इथे कुणी लिंबूटिंबू नाही. पूर्ण अंध फलंदाजाच्या दुप्पट धावांमुळे सामना फिरतो, म्हणून संघाला तो हवाच असतो. भारतात या खेळाचा व्याप सांभाळणाऱ्यांत बेंगळुरूच्या समर्थनम ट्रस्टचा मोठा वाटा आहे. अंध महिलांच्या भारतीय संघाने २०२३ साली बर्मिंगहॅमच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाला हरवून सुवर्ण जिंकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत अंध महिलांच्या पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेपाळला हरवणाऱ्या संघाची कर्णधार दीपिका टी. सी. कर्नाटकाकडून खेळणारी आणि उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राची. बेळगावात माहेश्वरी अंधशाळा आहे. तिथल्या किंवा कुठल्याही गावातल्या अंध मुलाला खुळखुळणारा चेंडू पोचला की खेळायला एवढे पुरते.

मातीतले खेळही मागे नाहीत. मल्लखांब हा पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेला मराठी मुलखाचा व्यायाम. मुंबईत शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी तो दादरच्या कमला मेहता अंधशाळेतल्या मुलींना शिकवला. देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. दिसत नसताना मल्लखांब शिकायचा कसा? दोरीचा मल्लखांब इथे कामाला येतो. दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडायचा असतो, तो एकदा पकडला की शोधावा लागत नाही. प्रशिक्षक आधी मुलीला जमिनीवर त्या आसनात बसवतो. पाय कुठून वळला, दोर कमरेला कसा वेढला, हे ती हाताने चाचपते. मग तीच घडी ती दोरावर पाच-सहा फुटांवर करते, आणि सरावाने त्याहून वर. खाली जाड गादी असते. वर गेलेल्या मुलीला खालचे दिसत नसते, पण दोराचा प्रत्येक पीळ तिच्या अंगाला ठाऊक झालेला असतो.

बेळगावाला ज्युदोची परंपरा आहे. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने ज्युदोच्याच मॅटवर तयार होऊन २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या ज्युदोसारख्या कुस्तीचे कांस्य मिळवले. अंधांच्या ज्युदोत नियम जवळजवळ तेच राहतात, फक्त लढत सुरू होण्याआधी दोघांनी एकमेकांचा पोशाख धरलेला असतो. पुढे सगळा खेळ स्पर्शाचा आणि तोलाचा. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये कपिल परमारने यात कांस्य मिळवले. पॅरालिंपिकमधले ज्युदोचे ते भारताचे पहिले पदक. कुस्तीत बहिऱ्या पैलवानाला अडचण येते ती फक्त शिट्टीची. पंचाने खांद्यावर थाप मारली की तीही मिटते. हरियाणाच्या वीरेंदर सिंह या कर्णबधिर पैलवानाने बहिऱ्यांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके घेतली आणि तो वर्षानुवर्षे ऐकू येणाऱ्या मल्लांशीही मातीत लढला. कोल्हापूर, निपाणी, बेळगावच्या तालमींना यासाठी वेगळे काही बांधावे लागणार नाही.

ज्यांची अडचण बुद्धीच्या वाढीची आहे, त्यांच्यासाठी स्पेशल ऑलिंपिक्स १९६८ साली शिकागोत सुरू झाले. तिथली ‘युनिफाइड’ खेळाची कल्पना शाळांना सहज उचलता येते. एकाच संघात बौद्धिक अक्षमता असलेली आणि नसलेली मुले साधारण सारख्या वयाची आणि सारख्या कसबाची निवडायची. बेळगावच्या आराधनासारख्या विशेष शाळेतली मुले आणि शेजारच्या हायस्कुलातली मुले महिन्यातून दोन शनिवारी एकत्र खेळली, तर दोन्हीकडच्या मुलांना मित्र मिळतील. विशेष शाळेत जाणाऱ्या अनेक मुलांना शाळा सुटल्यावर गल्लीत एकही सवंगडी नसतो, हे त्यांच्या पालकांचे सर्वांत जुने दुखणे आहे.

विरंगुळ्याचा अर्थ फक्त मैदान नव्हे. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक, गणपतीतली ढोल-ताशा पथके, लेझीम, कॅरमचा अड्डा, राजहंसगडावरची पावसाळी सकाळ यांतही मुलांचे तरुणपण असते. मुंबईत नयन फाउंडेशनचे अंध गोविंदा पथक दहीहंडीचे थर लावते. ढोलाचा ठोका छातीत जाणवतो, त्यासाठी कान लागत नाहीत, म्हणून कर्णबधिर मुलगा पथकात रांगेने वाजवू शकतो. समोरच्याच्या हातावर नजर ठेवली की झाले. गोवा सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा पहिला मोठा उत्सव भरवला. बेळगावाहून चोर्ला घाट उतरून तिथे जाता येते.

धोक्यांची जाणीव हवी, पण ती नेमकी हवी. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांमध्ये मानेचे पहिले दोन मणके सैल असतात, म्हणून त्यांना सूर मारणे, कोलांटउडी किंवा शीर्षासन शिकवण्याआधी डॉक्टरांकडून मान तपासून घ्यावी. फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात क्षणभरही एकटे सोडू नये. मणक्याच्या वरच्या भागात इजा असलेल्यांना घाम नीट येत नाही, तेव्हा मे महिन्याच्या उन्हात त्यांचा सराव सकाळी लवकर किंवा तिन्हीसांजेला ठेवावा आणि अंग ओले करायला पाणी जवळ असावे. संवेदना नसलेल्या पायाला ओरखडा आला तरी कळत नाही, म्हणून खेळून झाल्यावर पाय पाहायचे. एवढी काळजी घेतली की बाकीच्या भीतीला आधार उरत नाही.

सीमाभागाची म्हणून काही अडचण आहे. निपाणीपासून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव ७५. निपाणीला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. गाव कर्नाटकात, मुले शिकायला पलीकडे, असा इथला रोजचा व्यवहार. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली. तरुणपणी पाय लुळे पडल्यावर त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवरच्या क्रीडास्पर्धांत उतरल्या होत्या. संस्थेचे वसतिगृह आणि शाळा शेजारीच असल्यासारखी. तरी अपंगत्वाचा दाखला, राज्य संघाची निवड, बसचा पास हे सगळे राहत्या राज्याचे. त्यासाठी बेळगावच्या शासकीय रुग्णालयाकडे आणि कर्नाटकाच्या कार्यालयांकडे जावे लागते आणि कागद कन्नडमध्ये असतात. घरात मराठी बोलणारे आईबाप तिथेच अडखळतात. यूडीआयडी हे केंद्राचे ओळखपत्र देशभर चालते, म्हणून ते सर्वांत आधी काढून घ्यावे.

कायदा मुलांच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी अपंग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची आणि करमणुकीची संधी दिली पाहिजे, असे त्याचे १६ वे कलम सांगते. ३० वे कलम सरकारवर क्रीडा सुविधांची जबाबदारी टाकते. म्हणजे पीटीच्या तासाला मुलाला वर्गात बसवून ठेवणाऱ्या शाळेला पालक १६ व्या कलमाचा आधार घेऊन विचारू शकतात, आणि त्यासाठी मुलात पदकाची चमक दिसायची वाट पाहावी लागत नाही.

कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते असतात, गावातले अपंग स्वतःच पुष्कळदा हे काम करतात. गावात किती मुले आहेत, कुणाला काय जमते, हे त्यांना घरोघर माहीत असते. पंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. तो पैसा बहुतेक वेळा तीनचाकी, काठ्या आणि वैयक्तिक मदतीत जातो. त्यातच खुळखुळणारे चार चेंडू, बसून खेळायची एक जाळी, शाळेच्या मैदानाकडे जाणारा चाकाच्या खुर्चीपुरता उतार आणि आठवड्यातून दोन दिवस पीटीच्या शिक्षकाला हाताशी धरून खेळ घेणारा गावातलाच एखादा तरुण, एवढे बसू शकते. ग्रामसभेत हा विषय मांडायला एक पालक आणि एक शिक्षक पुरेसे आहेत, आणि शाळा उघडण्याआधीची ग्रामसभा त्यासाठी सोयीची.